कोकणची जाहिरात पुरे झाली

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वाळूत वर ओढून, झापांनी नाहीतर ताडपत्रीनं झाकून ठेवलेल्या असतात. पण कसाल सोडून मालवणच्या रस्त्याला लागलात की 'ताजी फडफडीत सुरमई थाळी'चे फ्लेक्स मे महिन्यात होते तसेच उभे दिसतात, पावसानं धुतल्यामुळे जरा जास्तच चकचकीत. आत जाऊन बसलं की पुढ्यात बर्फातली सुरमई येते, नाहीतर "आज सुरमई नाय, कोळंबी चलात?" असा प्रश्न येतो. गिऱ्हाईक खट्टू होतं, मालक वैतागतो.

गंमत अशी, की त्याच वेळी मालकाच्या घरात चुलीवर कुळथाची पिठी रटरटत असते आणि निखाऱ्यावर सुका बांगडा भाजला जात असतो. टाकळ्याची भाजी असते, शेवळं असतात, कुर्ल्यांचं तिखटजाळ कालवण असतं. घाट उतरून पाऊस बघायला आलेला कोल्हापूर-बेळगावकडचा माणूस हे बोटं चाटत खाईल आणि दोन पैसे जास्त देईल. पण त्याला हे कुणी दाखवत नाही, कारण त्याला काय हवं असेल याचा विचारच कुणी केलेला नाही. पावसाळ्यात येणारं गिऱ्हाईक कोण, त्याला काय द्यायचं, कितीला द्यायचं, हा विचार म्हणजे मार्केटिंग. रस्त्यावरचा फ्लेक्स म्हणजे जाहिरात. आपल्याकडे दुसरं उरकलं की पहिलंही झालं असं धरून चालतात.

जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकानं १९६० साली मार्केटिंगची चार अंगं मांडली. माल कोणता, किंमत किती, तो गिऱ्हाइकापर्यंत कुठून आणि कसा पोचणार, आणि त्याची वार्ता कशी पसरवायची. व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. यातल्या चौथ्या अंगातसुद्धा विक्रेत्याचं बोलणं, सूट-सवलत, पेपरातली बातमी, प्रदर्शनातला स्टॉल असं बरंच काही येतं. पैसे मोजून जागा किंवा वेळ विकत घ्यायची आणि आपलं म्हणणं लोकांसमोर मांडायचं, ही जाहिरात त्या चौथ्या अंगाचा एक तुकडा. धंदा करणारे आणि त्यांना मदत करायला निघालेलं सरकार, दोघंही त्या तुकड्यालाच सगळी भाकरी समजून बसले आहेत.

माझं म्हणणं असं, की कोकणाला आता आणखी जाहिरात नको. हापूस कुठला, मालवण कुठे, गणपतीपुळ्याला समुद्र देवळाच्या किती जवळ येतो, हे ठाऊक नसलेला मराठी माणूस शोधून काढावा लागेल. 'येवा, कोकण आपलोच असा' हे वाक्य तर मालवणी न येणाऱ्यांनाही तोंडपाठ आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून आमंत्रणं अखंड चालू आहेत. तोटा आहे तो पहिल्या तीन अंगांचा. ती उभी नसताना जाहिरातीवर घातलेला रुपया नुसता वाया जात नाही, तो अंगावर येतो, कारण जाहिरात माणसं आणते आणि आलेली माणसं काय बघितलं ते जाऊन सांगतात.

आंब्याचं घ्या. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याच्या कुठल्याही रस्त्याकडेच्या स्टॉलवर 'अस्सल देवगड हापूस' छापलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांच्या थप्प्या दिसतात. ही रिकामी पेटी कुणालाही विकत मिळते. आत कर्नाटकातला आंबा भरला तरी पेटी तक्रार करत नाही. म्हणजे देवगडच्या बागायतदारानं दोन-तीन पिढ्या घालवून जे नाव कमावलं, त्याची जाहिरात दुसराच करतो, फुकट करतो, आणि पैसेही तोच घेतो. अशा वेळी देवगडकरानं स्वतः आणखी जाहिरात केली तर काय होईल? 'देवगड' या नावाची मागणी वाढेल, आणि पेटी छापणाऱ्याची चांदी होईल.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हापूस म्हणता येईल असं कायद्यानं ठरलं. पेढे वाटले गेले, सत्कार झाले. पण मानांकन हा हक्क आहे, विक्री नव्हे. दादरच्या फुटपाथवर पेटी उघडून बघणाऱ्या बाईंना त्या हक्काचा उपयोग तेव्हाच, जेव्हा हातातलं फळ खरं की खोटं हे त्यांना जागच्या जागी कळेल. हे काम देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात हाती घेतलं. प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर, काढून दुसऱ्या फळाला लावायला गेलं तर फाटणारा, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खातरजमा करायची सोय. आंब्याच्या धंद्यात अलीकडे झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम कोणतं असं मला विचारलं तर मी हेच सांगेन. दिसायला तो छोटासा स्टिकर आहे, म्हणून लोकांना तो जाहिरातीचा प्रकार वाटतो. त्याची ताकद मात्र हिशोबात आहे. ज्याच्या बागेत जेवढं उत्पन्न तेवढेच स्टिकर त्याच्या हातात पडले, तर बाहेरचा आंबा आणून आपल्या नावावर खपवणाऱ्या आपल्याच माणसाचीही अडचण होते. हो, तसे आपल्यातही आहेत, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक असतात.

साक्याचंही तसंच. वरून केशरी, वासाला घमघमाट आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस गाभा. साका बाहेरून ओळखता येत नाही. डझनात दोन असे निघाले की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. त्यावर उपाय जाहिरातीत नाही. आंबा किती तयारीचा उतरवायचा, उतरवल्यावर तापलेल्या कातळावर किती वेळ ठेवायचा नाही, यात तो थोडाफार आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं हापूसचा संकर करून काढलेल्या 'रत्ना'सारख्या साका न होणाऱ्या जातीतही आहे. उरतो तो उपाय गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दात: खराब निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्तीचे येतील. थेट विक्री करणारे काही तरुण बागायतदार हे करतात आणि त्यांची गिऱ्हाइकं टिकतात. दोन आंब्यांचा तोटा त्यांनी आधीच किमतीत धरलेला असतो. किंमत ठरवणं म्हणजे शेजारच्यापेक्षा शंभरनं कमी सांगणं, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे, त्याला हे उत्तर आहे.

आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी २०१४ आठवावं. त्या वर्षी १ मेपासून युरोपीय संघानं भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली, कारण आलेल्या मालात फळमाशी सापडली होती. ऐन हंगामात ही बातमी आली तेव्हा लंडनमध्ये हापूसची कितीही मोठी पोस्टरं लावली असती तरी एक पेटी आत गेली नसती. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली ती पॅकहाउसमधली तपासणी आणि प्रमाणपत्रांची पद्धत सुधारली म्हणून. फळमाशीचा सापळा बागेत टांगणं हे सुद्धा मार्केटिंगच, हे आपल्या डोक्यात शिरायला परदेशी अधिकाऱ्याची सही लागली.

तिसऱ्या अंगाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कुणी हलत नाही. पेटी वाशीला जाते, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी येते, पट्टीवर जो आकडा असेल तो भाव. मुहूर्ताच्या पहिल्या पेटीची बातमी पेपरात फोटोसकट येते, हारबीर घालून. मे महिन्यात आवक तुंबून भाव कोसळतो तेव्हा फोटो येत नाही. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, पणन मंडळ पुण्यात उत्पादकांना आंबा महोत्सवात थेट विक्रीला जागा देतं. वाट मोकळी आहे. पण त्या वाटेनं जायला गिऱ्हाइकांची यादी लागते, आणि यादी करायला मागच्या वर्षी आंबा कुणी नेला हे वहीत लिहून ठेवावं लागतं. मी दलालांना शिव्या देणाऱ्यांतला नाही. उधारीवर औषध-फवारणीला पैसे देणारा तोच असतो, तोवर माल त्याच्याकडेच जाणार.

कोकम सरबताचं मला जास्त वाईट वाटतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्येच मानांकन मिळालं आहे. बचत गटाच्या बायका मेहनतीनं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस करतात, सरबत करतात, चव अशी की बाजारातली कुठलीही रंगीत बाटली तिच्यापुढे फिकी. मग ते मोठ्या बाटलीत भरतात, झाकण जेमतेम बसतं, आणि स्टॉलवर मांडतात. समोर येणारं गिऱ्हाईक असतं रेल्वेनं परत जाणारं कुटुंब: दोन बॅगा, एक पोर कडेवर, आणि बॅगेत पांढरा शर्ट. त्याला ते सरबत हवं असतं, पण बाटली बॅगेत सांडेल ही भीतीही असते. तो बाटली उचलतो, उलटी करून झाकण बघतो आणि हळूच परत ठेवतो. हे दृश्य कुडाळच्या स्टेशनबाहेर नाहीतर गणपतीपुळ्याच्या दुकानांच्या रांगेत तुम्हीही बघितलं असेल. यावर गटाला काय मिळतं? 'ब्रँडिंगचं प्रशिक्षण'. नवीन लोगो, नवीन लेबल, लेबलवर नारळाचं झाड. कुणीतरी त्यांना पाव लिटरची घट्ट झाकणाची, न गळणारी बाटली कुठे मिळते ते सांगावं. लेबलवर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, किंमत आणि तारीख ठळक असावी. नारळाचं झाड नसलं तरी चालेल.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. एक बाजू जुन्या खोडांची: "चांगल्या मालाक जाहिरात लागणा नाय." आमचा हापूस आहे, आमचा समुद्र आहे, ज्याला गरज असेल तो येईल. या स्वाभिमानाचं कौतुक पुष्कळ झालं आहे, मला तो आळसाचा भाऊ वाटतो. दुपारी तीनला खानावळीत गेलं की "संपला" हे उत्तर ज्या ठसक्यात मिळतं, तो ठसका हीसुद्धा एक जाहिरातच आहे, फक्त उलटी. जाहिरात न करणं म्हणजे आपोआप मार्केटिंग करणं नव्हे. फ्लेक्सवाला निदान गिऱ्हाइकाला बोलावतो तरी.

दुसरी बाजू खरी अडचणीची आहे. आडवाटेच्या गावात चार खोल्या काढून बसलेल्या माणसाला कुणी ओळखत नाही. बुकिंगच्या ॲपवर गेलं तर कमिशन जातं, न गेलं तर खोल्या रिकाम्या. त्यानं जाहिरात करू नये तर काय करावं? हे मला मान्य आहे. ज्याचं सगळं तयार आहे आणि जो फक्त अनोळखी आहे, त्यानं जाहिरात जरूर करावी. पण आधी गूगलच्या नकाशावर आपल्या घराची खूण बरोबर ठिकाणी आहे का ते बघावं. कित्येकांची खूण शेजारच्या वाडीत असते, आणि पाहुणे रात्री दहाला भलत्याच माणसाच्या अंगणात गाडी घेऊन उभे राहतात. हे दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत.

रील फुकट असते, असं तरुण पोरं म्हणतात. ड्रोन उडवला, समुद्र निळा केला, गाणं टाकलं, लाखभर लोकांनी बघितलं. त्या लाखातून येतात ते बहुधा दुपारपुरते. गाडी रस्त्यावर आडवी, डिक्कीतलं जेवण डिक्कीत, फोटो काढला आणि संध्याकाळी परत. गावात एक रात्र न राहणारा माणूस मागे ठेवून जातो तो कचरा, आणि तो उचलायचा खर्च ग्रामपंचायतीचा. कोणाला बोलवायचं हे ठरवल्याशिवाय हाक मारली की असं होतं. शिवाय 'सी व्ह्यू' लिहिलेल्या खोलीतून समुद्र बघायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागत असेल, तर तो आता नुसता विनोद राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि पैसे घेऊन तिची भलामण करणाराही त्यातून सुटत नाही.

याच्या उलट मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी पळवली जायची त्या किनाऱ्यावर गावकरीच राखणदार झाले. पर्यटन त्याच्या मागून आलं. पिल्लं समुद्रात सोडण्याची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, त्यामुळे माणसाला गावात मुक्काम करणं आलंच, आणि मुक्काम गावातल्याच घरात, जेवण त्याच घरातलं. पिल्लं दिसतीलच याची खात्री नाही, हे आधीच सांगितलं जातं. अशी 'खात्री नाही' सांगणारी जाहिरात कुठली एजन्सी लिहून देणार नाही. पण हे ऐकूनही जो येतो तो वाळूत शांतपणे बसणारा असतो, आणि पिल्लू नाही दिसलं तरी गावाला नावं ठेवत नाही. माल, किंमत, जागा तिन्ही जुळल्यावर वार्ता पसरवायचं काम पेपरवाल्यांनी आपणहून केलं. आता तिथेही शनिवार-रविवारी गर्दी अंगावर येते, हे खरं आहे, पण तो प्रश्न यशस्वी झालेल्यांचा आहे.

सार्वजनिक पैशाचा मुद्दा यातूनच येतो. दर हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या गावात पर्यटन महोत्सव भरतो. मंडप, लेझरचे झोत, मुंबईचे गायक, आणि पुढाऱ्यांच्या तसबिरींच्या कमानी. बघायला येतात आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं. त्यांची करमणूक होते, त्यात वाईट काही नाही, कोकणी माणसाला दशावतारापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं आवडतं. पण मग त्याला करमणूक म्हणावं आणि पर्यटनवाढीच्या खात्यावर टाकू नये. ज्या किनाऱ्यावर हा मंडप पडतो तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे ते विचारत फिरावं लागतं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तरीही स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला पुढची एसटी किती वाजता हे सांगणारा धड फलक मिळत नाही, आणि रिक्षावाला जो आकडा सांगेल तो त्याच्या कोकणाचा पहिला भाव ठरतो. किल्ल्यावर जायच्या होडीचा, स्कुबाचा, पार्किंगचा दर एका फळ्यावर ठळक लिहिला तर मालवणात घासाघीस आणि भांडणं निम्मी होतील. हे सगळं मार्केटिंगचं काम आहे. त्यात नारळ फोडण्यासारखं काही नसल्यामुळे ते कुणाला करावंसं वाटत नाही.

दापोलीकडच्या किनाऱ्यावर एक घरगुती खानावळ आहे, बाहेर पाटीसुद्धा जेमतेम वाचता येते. तिथल्या वहिनी आदल्या दिवशी फोनवर विचारतात: माणसं किती, पोरं किती, मासे कोण खातं, तिखट कितपत, उपवास कुणाचा आहे का. मग हर्णैच्या लिलावात तेवढीच मासळी घेतली जाते. पान वाया जात नाही, "संपलं" म्हणावं लागत नाही, आणि बाजारात काय आलं नाही ते गिऱ्हाइकाला जेवायला बसायच्या आधीच कळलेलं असतं. या बाईंना मॅकार्थी कोण ते माहीत असायचं कारण नाही.

महोत्सवाचा एका वर्षाचा पैसा बाजूला ठेवून एखाद्या किनारी तालुक्यानं एक साधं काम करून बघावं. निवास-न्याहारीवाले, लॉजवाले, सगळ्यांकडे पाहुण्यांची नोंदवही असते, कारण ओळखपत्र बघून नाव-गाव लिहून घ्यावंच लागतं. ती वही पोलिसांनी मागितली तर उघडते, एरवी नाही. नावं आणि फोन नंबर तिथेच ठेवून फक्त गाव, महिना, मुक्काम किती रात्रींचा आणि हा माणूस पूर्वी आला होता का, एवढे आकडे तालुक्यानं एकत्र करावेत. सांगली-सोलापूरकडची कुटुंबं जास्त निघाली, तर सहामाही परीक्षा संपायच्या पंधरा दिवस आधी तिकडच्या पेपरात जाहिरात द्यावी, थाळीचा आणि खोलीचा दर छापून. दुसऱ्यांदा आलेली माणसं मोजकीच निघाली, तर जाहिरातीचा विषय त्या सभेत घेऊच नये, आधी स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं.